एकट्या कंपनीला दहा वर्षांच्या सरासरी नफ्याचा पीई लावावा का?

पायवाट:
शेअर बाजाराच्या निर्देशांकासाठी शिलर पीई उर्फ केप बघणारे इथे बरेच आहेत त्यामुळे ओळख थोडक्यात उरकतो. साधा पीई म्हणजे शेअरचा भाव भागिले एका वर्षाचा दर शेअरमागचा नफा. गेल्या दहा वर्षांचा दर शेअरमागचा नफा घ्यायचा, प्रत्येक वर्षाचा आकडा महागाईच्या हिशोबाने आजच्या पैशात आणायचा, सगळ्याची सरासरी काढायची आणि आजच्या भावाला तिने भागायचं. माझा प्रश्न असा की हेच एका कंपनीला लावलं तर चालतं का?

निमित्त एका धातू कंपनीचं. नाव देत नाही, नाहीतर घेऊ का विकू यावरच पन्नास प्रतिसाद पडतील. दहा वर्षांचे ईपीएस (दर शेअरमागचा नफा) जुन्याकडून नव्याकडे, आकडे गोल केलेत: १२, १५, ४, उणे ६, ३, १०, १८, २४, ३१, ४०. भाव ३२०. म्हणजे चालू पीई ८ आणि जो तो स्वस्त स्वस्त म्हणून नाचतोय. मी एक्सेलमध्ये वर्षाला ५ टक्के महागाई धरून सगळं आजच्या पैशात आणलं. पहिल्या वर्षाचे १२ झाले १८.६, दुसऱ्याचे १५ झाले २२.२, तोट्याचे उणे ६ झाले उणे ८. सरासरी आली १७.४ आणि ३२० ला तिने भागलं की १८.४.

माझं मत असं की धातू, जहाजं, सिमेंट, तेल असल्या धंद्यांत एका वर्षाच्या नफ्यावरचा पीई हा निव्वळ चकवा आहे. नफा शिखरावर असतो तेव्हा पीई सगळ्यात कमी दिसतो आणि नेमका तेव्हाच शेअर महाग असतो. इथपर्यंत मला खात्री आहे. पण ही पद्धत सगळ्याच कंपन्यांना लावावी का, लावायची तर कुठे थांबायचं, हे इथल्या जाणकारांकडून ऐकायचंय.

निवांत:
वाखु (वाचनखूण) साठवली. एक बाळबोध शंका. महागाई कशाला मध्ये आणायची? सरळ दहा आकड्यांची सरासरी काढली तर काय बिघडतं?

पायवाट:
@निवांत, साधी सरासरी १५.१ येते आणि पीई २१.२. म्हणजे महागाई न धरता शेअर आहे त्यापेक्षा महाग दिसतो. फरक छोटा नाही.

चक्रवाढ:
निवांत, शंका बाळबोध अजिबात नाही. दहा वर्षांपूर्वीचा नफा त्या वेळच्या पैशात मोजलेला आणि भाव आजच्या पैशात, दोन्ही एका मापात आणल्याशिवाय भागाकाराला अर्थ नाही. ५ टक्क्यांनी नऊ वर्षांत १ चे १.५५ होतात, १० टक्क्यांनी २.३६. महागाई २ टक्के असलेल्या देशात तुम्ही हे विसरलात तर फार नुकसान नाही, पण जिथे ती १० टक्के आहे तिथे जुनी वर्षं सरासरीत जवळजवळ दिसतच नाहीत, मग दहा वर्षांच्या सरासरीच्या नावाखाली तुम्ही खरं तर शेवटची तीनचार वर्षंच बघत असता.

आणि महागाई हाताबाहेर गेलेल्या देशांत तर कंपन्यांना ताळेबंदच नव्याने मांडावा लागतो. आंतरराष्ट्रीय हिशोब मानकांमधलं २९ क्रमांकाचं मानक त्यासाठीच आहे. तीन वर्षांची एकत्रित महागाई १०० टक्क्यांच्या जवळ किंवा वर जाणं ही त्यातली एक मुख्य खूण, आणि ते लागू झालं की मागच्या वर्षाचे तुलनेचे आकडेसुद्धा आजच्या क्रयशक्तीत मांडायचे. अशा कंपनीचे आकडे घेताना बघून घ्या, आधीच वाढवलेला आकडा परत वाढवला जाण्याचा धोका असतो.

अस्सल_शंका:
दहाच वर्षं का? पाच का नाही, पंधरा का नाही?

जुनी_पोथी:
हा प्रश्न खूप जुना आहे. बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड या अमेरिकी गुंतवणूक अभ्यासकांनी १९३४ सालीच लिहून ठेवलंय की नफ्याची सरासरी किमान पाच वर्षांची घ्या, सात किंवा दहा वर्षांची मिळाली तर उत्तम. तो काळ लक्षात घ्या, १९२९ चा फुगा फुटून पाच वर्षं झालेली, त्या वर्षीच्या नफ्यावर विसंबलेली माणसं धुळीला मिळालेली. महागाईची दुरुस्ती पुढे जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर यांच्या १९८८ च्या कामातून आली. त्यांनी दहा आणि तीस अशा दोन्ही वर्षांच्या सरासऱ्या वापरून बघितल्या. दहा टिकलं कारण तेजीमंदीचं एक पूर्ण चक्र त्यात साधारण बसतं. दहा आकड्यात जादू काही नाही, तुमच्या धंद्याचं चक्र पंधरा वर्षांचं असेल तर पंधरा घ्या.

एक लक्षात घ्या पायवाट, ग्रॅहमनी हे एकेका कंपनीसाठीच सांगितलं होतं! निर्देशांकाला लावणं नंतर आलं. बेतानं गुंतवणूक करणाऱ्याने गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या १५ पटीपेक्षा जास्त भाव देऊ नये, हाही त्यांचाच नियम. तेव्हा 'एकट्या कंपनीला लावावं का' हा प्रश्न उलटा आहे, मूळ वापरच तो आहे.

धोपटमार्ग:
जुनी_पोथी, १९३४ च्या कंपन्या रेल्वे, पोलाद आणि वीज अशा होत्या. आज? ॲपलचा २००२ चा नफा साडेसहा कोटी डॉलर होता आणि २०१२ चा ४,१७० कोटी डॉलर. मधे २००७ ला आयफोन आला. २०१२ साली दहा वर्षांची सरासरी काढून बसणाऱ्याने नक्की कोणत्या कंपनीचं मोजमाप केलं? जी कंपनी आता अस्तित्वातच नाही तिचं. माझं स्पष्ट मत आहे की निर्देशांकाला ठीक, एकट्या कंपनीला ही पद्धत लावू नये.

संख्याशास्त्री:
धोपटमार्ग यांचा मुद्दा आकड्यात मांडून बघते. समजा तीन कंपन्या, तिघींचा चालू पीई २०. पहिलीचा नफा महागाई वजा जाता वर्षाला २ टक्क्यांनी वाढत आलाय, दुसरीचा १० टक्क्यांनी, तिसरीचा १५ टक्क्यांनी, आणि वाढ अगदी सरळ, चढउतार काही नाही. दहा वर्षांच्या सरासरीवर पहिलीचा पीई येतो २१.८, दुसरीचा २९.६ आणि तिसरीचा ३४.७. म्हणजे कुणाच्याही नफ्यात काडीचा चढउतार नसताना, निव्वळ वेगाने वाढली या एका कारणासाठी तिसरी कंपनी महाग ठरली. सरासरी ही नेहमी काळाच्या मध्याला उभी असते, म्हणजे साधारण साडेचार वर्षं मागे, आणि वेगाने पळणारी कंपनी तोवर फार पुढे गेलेली असते.

म्हणून दोन वेगळ्या वेगाच्या कंपन्यांचे असले पीई शेजारी ठेवून तुलना करूच नये. त्याच कंपनीची तिच्या स्वतःच्या जुन्या आकड्याशी तुलना करा, ती थोडीफार चालते. शिलरच्या नावाने २०१२ साली बार्कलेजने जो सेक्टर निर्देशांक काढला त्यातही हेच आहे, प्रत्येक सेक्टर स्वतःच्या इतिहासाशी ताडून बघायचा आणि मग स्वस्त वाटलेल्यांतला ज्याचा भाव वर्षभर सगळ्यात वाईट चाललाय तो गाळायचा. हे गाळणं महत्त्वाचं आहे, स्वस्त दिसणारं कधी कधी खरंच मरणपंथाला लागलेलं असतं.

निवांत:
म्हणजे फलंदाजाच्या सरासरीसारखं झालं की. कसलेल्या खेळाडूची दहा वर्षांची सरासरी बघून संघात घ्यायचं, पण एकोणीस वर्षांच्या पोराला त्याच फूटपट्टीने मोजायचं नाही.

चक्रवाढ:
आणि ज्याची नजर गेलीय त्यालाही नाही :)

वारा_फिरेल:
सगळं ठीक आहे हो, पण या आकड्याने कुणाचं भलं झालं? ३ डिसेंबर १९९६ ला कॅम्पबेल आणि शिलर यांनी अमेरिकेच्या फेडसमोर, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेसमोर, जाऊन बाजार महाग आहे असं सांगितलं, तेव्हा केप २८ च्या आसपास होता. दोन दिवसांनी फेडचे अध्यक्ष ग्रीनस्पॅन यांचं ते अतिउत्साहाबद्दलचं गाजलेलं भाषण झालं. आणि बाजार? २००० च्या मार्चपर्यंत एस अँड पी ५०० हा तिथला निर्देशांक दुप्पट झाला! १९९९ संपताना केप ४४ वर. केपवर विसंबून कुणी तीन वर्षांहून जास्त काळ बाजाराबाहेर बसला असता तर वेडा झाला असता.

जुनी_पोथी:
पुढचंही सांगा ना. डिसेंबर १९९६ ला निर्देशांक ७५० च्या आगेमागे होता. ऑक्टोबर २००२ मध्ये तो ७७६ ला बंद झाला आणि मार्च २००९ मध्ये ६७६ ला. सव्वाबारा वर्षांनी, लाभांश सोडला तर, होता त्याच्याही खाली. केपने वेळ कधीच सांगितली नव्हती, पुढच्या दहाबारा वर्षांत साधारण काय मिळेल याबद्दलच ते बोलत होते आणि ते चुकलं नाही.

वारा_फिरेल:
बरं मग त्यानंतरचं? १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून अमेरिकेचा केप आपल्या जुन्या सरासरीच्या, म्हणजे १७ च्या, वरच आहे, २००८-०९ च्या पडझडीतले काही महिने सोडले तर. इतकी वर्षं महाग महाग म्हणत बसायचं?

ताळेबंद:
धागा निर्देशांकाकडे वळला, पण ह्याचं उत्तर हिशोबात आहे आणि ते एकट्या कंपनीलाही लागू पडतं म्हणून लिहिते. मी ऑडिटमध्ये काम करते, आकड्यांच्या मागे काय असतं ते रोज बघते.

पहिली गोष्ट, दहा वर्षांत हिशोबाचे नियम बदलतात. अमेरिकेत २००१ नंतर गुडविल (दुसरी कंपनी घेताना तिच्या मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली रक्कम) दरवर्षी थोडं थोडं खर्ची टाकणं बंद झालं आणि किंमत घसरली की एकदम कापायचं असं ठरलं. त्यामुळे चांगल्या वर्षांत नफा जरा जास्त दिसतो आणि वाईट वर्षात दरड कोसळते. एओएल टाइम वॉर्नरने २००२ साली सुमारे ९,९०० कोटी डॉलरचा तोटा दाखवला, त्यातला बहुतेक गुडविलचा. हा पैसा त्या वर्षी कुणाच्या खिशातून गेला नव्हता, विलीनीकरणात जास्त मोजलेली किंमत कागदावर कबूल केली गेली इतकंच. अर्थतज्ज्ञ जेरेमी सीगल यांचा केपवरचा मुख्य आक्षेप हाच की असे मोजक्या कंपन्यांचे राक्षसी तोटे पूर्ण निर्देशांकाचा दहा वर्षांचा नफा खाली ओढतात आणि बाजार आहे त्यापेक्षा महाग दिसतो. २००८ च्या शेवटच्या तिमाहीत तर एस अँड पीचा एकत्रित नफाच उणे झाला आणि २००९ च्या मध्यात साधा पीई १०० च्या वर गेला होता, तेही बाजार तळातून नुकता उठत असताना. आता बोला, साध्या पीईने त्या दिवशी काय सांगितलं असतं? केप त्या मार्चमध्ये १३ होता.

दुसरी गोष्ट पायवाट यांच्यासाठी. ते उणे ६ चं वर्ष उघडून बघा. नफातोटा पत्रकात अपवादात्मक बाबी म्हणून वेगळी ओळ असते, तिच्यासमोर टिपेचा क्रमांक असतो, ती टीप वाचा. समजा एखादी खाण बंद केली म्हणून दर शेअरमागे ८ कापले गेले आणि ते नसते तर ईपीएस अधिक २ असता. मग तुमची सरासरी १७.४ वरून १८.५ होते आणि पीई १७.३. बघा, एवढी मोठी दुरुस्ती करूनही उत्तर १८.४ वरून १७.३ वरच आलं. दहा वर्षांचा हाच फायदा, एका वर्षाची भानगड दहाने भागली जाते.

मात्र कापलेलं सगळंच वगळायची सवय लावू नका. काही कंपन्या दर दोनतीन वर्षांनी 'एकदाच होणारा' खर्च दाखवतात. जो खर्च दहा वर्षांत चारदा होतो तो धंद्याचाच खर्च, त्याला सरासरीत राहू द्या.

आणि तिसरं, बोनस (फुकट दिलेले जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक तुकडे). जुना ईपीएस जुन्या वार्षिक अहवालातून जसाच्या तसा उचलला आणि मधे एकास एक बोनस झाला असेल तर तो आकडा निम्मा करायला हवा. कंपनी फक्त मागच्या वर्षाचा आकडा सुधारून देते, त्याआधीचे तुम्हालाच करावे लागतात.

पायवाट:
@ताळेबंद, फार उपयोगी. बोनस धरूनच आकडे घेतलेत. अपवादात्मक बाबींची टीप बघतो.

अस्सल_शंका:
महागाई मोजायची कोणत्या आकड्याने? धातू कंपनी असेल तर घाऊक किमतीचा निर्देशांक नको का? धातूचे भाव त्यातच येतात.

चक्रवाढ:
ग्राहक किंमत निर्देशांक घ्यावा. आपण कंपनीच्या मालाचा भाव मोजत नाही आहोत, शेअरधारकाच्या हातात आलेल्या नफ्यातून त्याला काय विकत घेता आलं असतं ते मोजतोय. घाऊक निर्देशांक घेतला तर धातूच्या तेजीने नफाही फुगणार आणि भागायचं मापही फुगणार, म्हणजे जे पकडायचंय तेच निसटणार. फक्त दहा वर्षांत निर्देशांकाचं पायाभूत वर्ष बदललं असेल तर जोडणीचा गुणक लावून मालिका सलग करून घ्या, नाहीतर मधेच एका वर्षी महागाई उणे पन्नास टक्के दिसेल.

धोपटमार्ग:
माझा मूळ आक्षेप तसाच आहे. कॅमेऱ्याची फिल्म बनवणाऱ्या कोडॅकची गोष्ट घ्या. या शतकाच्या सुरुवातीला कुणी दहा वर्षांची सरासरी काढली असती तर तिच्यात नव्वदच्या दशकातला फिल्मचा नफा होता. शेअर पडत गेला तसा तो त्या सरासरीवर आणखी आणखी स्वस्त दिसत गेला असणार. जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरी. निर्देशांकातून मेलेली कंपनी काढून नवी घेतात म्हणून तिथे सरासरीकडे परत येणं घडतं. एकट्या कंपनीला परत यायचं बंधन कुणी घातलंय?

संख्याशास्त्री:
ह्यावर खुद्द शिलर यांचंच काम आहे. अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएलसन म्हणायचे की बाजार एकेका शेअरच्या बाबतीत बऱ्यापैकी शहाणा असतो आणि एकूण बाजाराच्या बाबतीत कमी. २००५ मध्ये जंग आणि शिलर यांनी अनेक दशकं टिकून राहिलेल्या कंपन्या घेऊन हे तपासलं. निघालं असं की एकट्या कंपनीचा भाव लाभांशाच्या मानाने कमी असला तर पुढे तिच्या लाभांशाची वाढही खरोखर मंदावते. म्हणजे स्वस्त दिसण्यामागे बहुतेक वेळा काहीतरी खरं कारण असतं आणि बाजाराला ते माहीत असतं. एकूण निर्देशांकात मात्र हा संबंध दिसत नाही, तिथे स्वस्ती-महागी बरीचशी मूडची असते.

त्यामुळे निर्देशांकाचा केप कमी दिसला तर तो बऱ्यापैकी थेट वाचता येतो. कंपनीचा कमी दिसला तर तिथून तुमचं काम सुरू होतं, बाजाराला काय दिसतंय जे मला दिसत नाहीये, हे शोधायचं. मला वाटतं पायवाट यांच्या 'कुठे थांबायचं' या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे.

बंदर:
बराच वेळ नुसता वाचत होतो. मी जहाज धंद्यात चार्टरिंगला, म्हणजे जहाजं भाड्याने देण्याघेण्याच्या कामात, होतो म्हणून तिथलं सांगतो, कारण पायवाट यांच्या धातू कंपनीचं गणित फार वेगळं नाही.

कोरडा माल वाहणाऱ्या जहाजांच्या भाड्याचा बाल्टिक ड्राय निर्देशांक मे २००८ मध्ये ११,७९३ ला गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात ६६३ वर आला. सात महिन्यांत. तेजीत काय होतं बघा. भाडं वाढतं, नफा तोंडात बोटं घालायला लावेल असा येतो, बँका दारात उभ्या राहतात, सगळे मालक एकाच वेळी नवीन जहाजांची ऑर्डर देतात. पण जहाज बांधायला दोनतीन वर्षं लागतात. ती सगळी जहाजं पाण्यात उतरतात तेव्हा मंदी सुरू झालेली असते, आणि मग कितीतरी वर्षं भाडी वर येत नाहीत कारण जहाजं पंचवीस वर्षं चालतात, ती कुठे जाणार? २००८ मध्ये जहाज कंपन्यांचे पीई बघितले असते तर एक आकडी दिसले असते, आणि आमच्या ऑफिसात तेव्हा एकही माणूस ती भाडी टिकतील असं छातीठोक सांगत नव्हता. सगळ्यांचं लक्ष यार्डातल्या ऑर्डरबुकावर असायचं, चालू ताफ्याच्या किती टक्के जहाजं बांधून येतायत त्यावर.

म्हणून माझ्या मते अशा धंद्यात दहा वर्षांची सरासरी हवीच, धोपटमार्ग काहीही म्हणोत. फक्त दहा वर्षांत तेजी आणि मंदी दोन्ही आल्यात ना हे बघा. २००३ ते २००८ ची सहा वर्षं आत आली की तीही सरासरी फुगलेलीच असते.

धोपटमार्ग:
बंदर, चक्रात फिरणाऱ्या धंद्यापुरतं मान्य. ज्या धंद्यात माल तोच राहतो आणि फक्त भाव वरखाली होतो, तिथे. बाकी ठिकाणी नाही.

पायवाट:
मी पण तेवढंच म्हणतोय बहुतेक. पण एक अडचण उरते. माझ्या कंपनीची क्षमता दहा वर्षांत वाढलीय, नवीन स्मेल्टर (खनिजातून धातू गाळायचा कारखाना) आलाय. मग जुन्या १२ आणि १५ ची आजच्याशी तुलना कशी करायची? महागाई काढली तरी कारखानाच मोठा झालाय.

ताळेबंद:
त्यासाठी सरासरी नफ्याची काढू नका, परताव्याची काढा. दर वर्षी निव्वळ मालमत्तेवर किती टक्के नफा झाला ते घ्या, त्या दहा टक्केवाऱ्यांची सरासरी काढा आणि ती आजच्या बुक व्हॅल्यूला (दर शेअरमागच्या निव्वळ मालमत्तेला) लावा. किंवा विक्रीवरचा सरासरी मार्जिन आजच्या विक्रीला, पण धातूत विक्रीचा आकडाच भावाने फुगलेला असतो म्हणून पहिलं बरं. वाढीचा प्रश्न त्यात आपोआप सुटतो.

चक्रवाढ:
त्याला पुरवणी. टक्केवारीत नफा आणि मालमत्ता एकाच वर्षाच्या पैशात असतात म्हणून वरवर महागाईची दुरुस्ती लागत नाही असं वाटतं. पण कारखाना पुस्तकात जुन्या किमतीला पडलेला असतो आणि घसारा, म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटी धरलेला खर्च, तोही त्या जुन्या किमतीवरच. महागाई जास्त असलेल्या काळात खरा घसारा पुस्तकातल्यापेक्षा जास्त असतो, शिवाय गोदामातला जुना माल नव्या भावाने विकल्याचा नफाही त्यात मिसळतो. म्हणजे परतावा फुगतो. उलट बाजूला कर्ज महागाईने झिजतं, तो फायदा नफ्यात दिसतच नाही. मोदिग्लियानी आणि कोन या अर्थतज्ज्ञांनी १९७९ मध्ये हेच दाखवलं होतं की महागाईच्या काळात बाजार ही दुसरी बाजू विसरतो आणि शेअर गरजेपेक्षा स्वस्त करून ठेवतो. १९८२ मध्ये केप ७ च्याही खाली गेला होता, त्याला हे एक कारण मानतात.

पायवाट:
काढून बघितलं. दहा वर्षांचा सरासरी परतावा ११ टक्के, बुक व्हॅल्यू १९०. म्हणजे साधारण वर्षातला नफा धरायचा २०.९ आणि पीई १५.३. तर एकाच शेअरचे तीन आकडे झाले, ८, १५.३ आणि १८.४. पहिला सोडून देतो. उरलेल्या दोघांतला फरक नव्या स्मेल्टरमुळे आहे असं मी समजतो, म्हणजे तो स्मेल्टर मंदीतही ११ टक्के कमावेल का यावर सगळं अडलंय.

बंदर:
बरोबर पकडलंत. दर टनाचा उत्पादन खर्च बघा, इतर उत्पादकांच्या मानाने खालच्या रांगेत असेल तर मंदीतही भट्टी चालू राहते. वरच्या रांगेत असेल तर पहिली तीच बंद होणार.

वारा_फिरेल:
हे आवडलं. पण मग अख्खा अभ्यास करायचाच असेल तर केपचा उपयोग काय राहिला?

जुनी_पोथी:
एवढाच की ८ बघून कुणी डोळे मिटून उडी मारत नाही.

संख्याशास्त्री:
बायबॅकचा मुद्दा अजून कुणी काढला नाही. पूर्वी कंपन्या नफा लाभांशात वाटायच्या, आता बऱ्याच जणी त्याच पैशातून शेअर परत घेतात. शेअर कमी होत गेले की ईपीएस एरवीपेक्षा वेगाने वाढतो आणि मग माझ्या वरच्या प्रतिसादातली अडचण येते, दहा वर्षांची सरासरी आणखी मागे पडते. निर्देशांकासाठी शिलर यांनी लाभांश परत गुंतवले असं धरून केपची दुसरी आवृत्ती काढली ती यासाठीच. एकट्या कंपनीत सोपा मार्ग म्हणजे ईपीएस बाजूला ठेवा, एकूण नफा घ्या आणि त्याने एकूण बाजारमूल्याला भागा. मात्र कंपनीने नवे शेअर काढून पैसे उभे केले असतील तर उलटी चूक होते, तेव्हा दोन्ही करून बघा आणि तफावत कुठून आली ते शोधा.

ताळेबंद:
आणि कर्ज. पायवाट, मंदीच्या तीन वर्षांत तुमच्या कंपनीवर कर्ज किती होतं आणि आज किती आहे? तेव्हा दर शेअरमागे ९ व्याजात जात असतील आणि आता २, तर तो उणे ६ निम्म्याहून जास्त बँकेचा आहे, धातूच्या भावाचा नाही. कर्ज फिटलं असेल तर पुढच्या मंदीत तसा खड्डा पडणार नाही. अशा वेळी व्याज आणि कराच्या आधीचा नफा घ्या, महागाईने आजच्या पैशात आणा, दहा वर्षांची सरासरी काढा आणि भावाऐवजी बाजारमूल्य अधिक निव्वळ कर्ज याला तिने भागा. उलटही होऊ शकतं, नव्या स्मेल्टरसाठी कर्ज काढलं असेल तर १८.४ सुद्धा कमीच दाखवतोय.

पायवाट:
कर्ज काढलंय. किती ते आत्ता सांगता येत नाही, स्मेल्टर उपकंपनीच्या नावावर आहे त्यामुळे उपकंपन्या धरून केलेला एकत्रित ताळेबंद काढावा लागेल. मी ईपीएस एकत्रितच घेतले होते पण बुक व्हॅल्यू कुठून उचलली ते तपासतो, ती एकट्या कंपनीची असेल तर १५.३ बदलेल.

ताळेबंद:
दोन्ही एकत्रितच घ्या. आणि उपकंपनीत बाहेरच्यांचा हिस्सा असेल तर तो बुक व्हॅल्यूतून वजा करा. कर्जाची फेड कोणत्या वर्षी किती येते त्याची टीप शेवटच्या पानांकडे असते, ती आधी वाचा. बहुतेक फेड पुढच्या दोन वर्षांत असेल तर दहा वर्षांच्या सरासरीआधी तो प्रश्न सोडवा.